पायथन बदलले, चाचण्या पडल्या: मर्क्युरियलचे जुने एक्स्टेंशन नव्या आवृत्त्यांवर आणताना

आमच्या कार्यालयात मर्क्युरियल या आवृत्ती-नियंत्रण साधनासाठी लिहिलेले एक छोटे एक्स्टेंशन अनेक वर्षे बिनबोभाट चालत होते. कमिटच्या, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीच्या, संदेशात कामाचा क्रमांक आहे की नाही हे ते पाहत असे. क्रमांक नसेल तर ते कमिट अडवत असे आणि असेल तर तो कमिटसोबत साठवल्या जाणाऱ्या ‘एक्स्ट्रा’ माहितीत लिहून ठेवत असे. लिहिणारा सहकारी नोकरी सोडून गेला, सर्व्हरवरचे पायथन बदलले आणि त्या एक्स्टेंशनच्या जवळपास सगळ्या चाचण्या एकाच दिवशी पडल्या. काम माझ्याकडे आले. मी ते चुकीच्या क्रमाने सुरू केले आणि चार दिवस घालवून एक गंभीर चूक जवळजवळ पक्की करून ठेवली. हा लेख वाचणाऱ्यावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तो लिहीत आहे.

आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावीत.

हाताशी काय हवे

- मर्क्युरियलचा मूळ सोर्स. केवळ बसवलेले पॅकेज पुरत नाही, कारण चाचण्या चालवणारी ‘रन-टेस्ट्स’ ही स्क्रिप्ट सोर्सच्या ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये असते.
- ज्या ज्या आवृत्त्यांवर चालवायचे आहे ती सगळी पायथने एकाच यंत्रावर. अनेक पायथने शेजारी शेजारी बसवणाऱ्या ‘पायएन्व्ह’ या साधनाने हे सोपे होते.
- सी भाषेचा कंपायलर आणि प्रत्येक पायथनच्या हेडर फाइली, कारण मर्क्युरियलचा काही भाग सीमध्ये आहे.
- एक्स्टेंशनची जुनी, पूर्णपणे पास होणारी अवस्था. ती नसेल तर आधी ती शोधावी. तिच्यावाचून पुढची एकही पायरी अर्थपूर्ण होत नाही.

१. एका वेळी एकच गोष्ट बदला

मर्क्युरियलचा जन्म २००५ सालचा आहे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले, परंतु मर्क्युरियलला त्याचा अधिकृत आधार देणारी पहिली आवृत्ती, म्हणजे ५.२, नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली. पायथन २.७ ची मुदत १ जानेवारी २०२० रोजी संपत होती, हे लक्षात घेतले तर काम किती जड होते याची कल्पना येते. पुढे २०२२ मध्ये ६.२ या आवृत्तीने पायथन २ चा हात कायमचा सोडला.

या इतिहासातून एक व्यवहारी फायदा निघतो. ५.२ ते ६.१ या पट्ट्यातले मर्क्युरियल जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पायथनांवर चालते. मी सुरुवातीला जुने मर्क्युरियल जुन्या पायथनसह आणि नवे मर्क्युरियल नव्या पायथनसह असे दोन संच समोरासमोर ठेवले. त्यामुळे एखादी ओळ बदलली की दोष पायथनचा, मर्क्युरियलचा की आमच्या एक्स्टेंशनचा, हे ठरवता येईना. त्याऐवजी या पट्ट्यातली एक आवृत्ती निवडावी, मर्क्युरियल तेच ठेवून फक्त पायथन २.७ वरून ३ वर न्यावे, आणि तेथे सगळे स्थिरस्थावर झाल्यावर मगच मर्क्युरियल पुढे सरकवावे.

प्रत्येक पायथनसाठी सोर्सची वेगळी प्रत ठेवून त्या त्या प्रतीत ‘मेक लोकल’ चालवावे, म्हणजे मर्क्युरियल त्याच फोल्डरमध्ये कंपाइल होते. एकाच प्रतीत पायथने आलटून पालटून वापरली, तर एका आवृत्तीसाठी कंपाइल झालेल्या फाइली दुसरीच्या वाटेत येतात आणि कोड ठीक असताना आयात होत नसल्याच्या तक्रारी सुरू होतात.

२. चाचणीची फाइल वाचायला शिका

मर्क्युरियलच्या बहुतेक चाचण्या ‘डॉट टी’ या शेवटाच्या फाइलींमध्ये असतात आणि त्या दिसायला टर्मिनलच्या उताऱ्यासारख्या असतात. दोन रिकाम्या जागा सोडून डॉलर-चिन्हाने सुरू होणारी ओळ ही आज्ञा. तिच्याखाली तितक्याच जागा सोडून लिहिलेले असते ते अपेक्षित आउटपुट. जागा न सोडता लिहिलेला मजकूर म्हणजे टिपण. आज्ञा अपयशी ठरावी अशी अपेक्षा असेल तर शेवटी चौकटी कंसात एक्झिट कोड असतो. चालवणारी स्क्रिप्ट प्रत्यक्ष आउटपुट आणि लिहून ठेवलेले आउटपुट अक्षरशः ताडून पाहते आणि फरक पडल्यास शेजारी ‘ईआरआर’ शेवटाची फाइल ठेवते.

सवलती ओळीच्या शेवटी कंसात लिहिल्या जातात. ‘ग्लोब’ लिहिले की तारांकनाच्या जागी काहीही चालते, ‘आरई’ म्हणजे ती ओळ रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचावी, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ओळ आली तरी ठीक, न आली तरी ठीक. आपल्या कामाची खरी सवलत मात्र चौथी आहे. कंसात ‘पाय३’ आणि त्यापुढे उद्गारचिन्ह लिहिल्यास ती ओळ फक्त पायथन ३ वरच अपेक्षित धरली जाते, आणि ‘नो-पाय३’ लिहिल्यास फक्त पायथन २ वर. संपूर्ण भागासाठी ‘इफ’ आणि ‘एंडिफ’च्या ओळीही आहेत.

या सवलती हाताशी आल्या की त्या सगळीकडे शिंपडण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन आवृत्त्यांवर आउटपुट वेगळे येत असेल, तर आधी ते एकसारखे करता येते का ते पाहावे. अट घालणे हा शेवटचा उपाय.

३. पडलेल्या चाचण्यांची वाटणी करा

‘रन-टेस्ट्स’ला ‘आय’ हा पर्याय दिला, की ती प्रत्येक फरक दाखवून हा बदल स्वीकारू का, असे विचारते आणि होकार दिल्यास चाचणीची फाइल स्वतःच सुधारते. नवख्याच्या हाती याहून धोकादायक कळ नाही. पहिल्या फेरीत ती अजिबात वापरू नये.

पहिल्या फेरीत फक्त वाचावे आणि प्रत्येक फरकाला तीनपैकी एक खूण करावी. एक, एक्स्टेंशनचे वागणे बदलले. दोन, वागणे तेच आहे, पायथनने ते वेगळ्या शब्दांत सांगितले. तीन, चाचणीच्या आत लिहिलेली मदतनीस स्क्रिप्टच जुनी आहे. माझ्या अनुभवात तिसरा ढीग सर्वांत मोठा निघतो आणि सर्वांत लवकर संपतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी.

त्या ढिगातली नेहमीची मंडळी अशी: कंस नसलेले ‘प्रिंट’, शून्याने सुरू होणारे जुन्या पद्धतीचे ऑक्टल अंक, ‘इटरआयटम्स’, आणि थेट ‘पायथन’ या नावाने चालवलेल्या स्क्रिप्टा. शेवटच्या प्रकारात कोणते पायथन चालेल हे त्या यंत्रावर अवलंबून राहते, म्हणून चाचणीत नेहमी ‘डॉलर पायथन’ हे पर्यावरण-चल दुहेरी अवतरणात लिहावे. चाचण्या ज्या पायथनने चालू आहेत त्याचाच पत्ता त्यात असतो.

४. बाइट आणि अक्षरे यांचा हिशेब चुकता करा

बहुतेक दिवस येथेच खर्च होतात. आवृत्ती-नियंत्रण साधन फाइलीतला मजकूर, फाइलींची नावे आणि कमिटची नोंद बाइटांच्या रूपात सांभाळते. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजेच बाइट होते, त्यामुळे कोणालाच विचार करावा लागला नाही. पायथन ३ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे अक्षरे, आणि बाइट हवे असतील तर अवतरणाआधी ‘बी’ लिहावा लागतो. मर्क्युरियलचा सारा सोर्स शेवटी असा ‘बी’ने भरला गेला. त्यातही बाइटांवर टक्का-चिन्हाचे फॉरमॅटिंग २०१५ मध्ये पायथनच्या ३.५ या आवृत्तीत परत आले, तोवर हे काम करणे फारच अवघड होते.

आपला शब्द घेऊ: ‘नोंद’. यात ‘न’, ओकाराची मात्रा, अनुस्वार आणि ‘द’ अशी युनिकोडची चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून बाइटांची लांबी १२ आणि अक्षरांची ४. पायथन २ मध्ये या बाइट-स्ट्रिंगचा पहिला घटक मागितला तर एका बाइटची स्ट्रिंग मिळते. पायथन ३ मध्ये २२४ हा चक्क अंक मिळतो. जुन्या एक्स्टेंशनमध्ये ‘संदेशाचा पहिला घटक अमुक अक्षर आहे का’ अशी तपासणी असेल, तर ती पायथन ३ वर कोणतीही तक्रार न करता कायम ‘नाही’ म्हणत राहील. एका घटकाऐवजी शून्य ते एक असा तुकडा कापून घ्यावा. तो दोन्हीकडे सारखाच वागतो.

आता एक गमतीदार प्रकार. ‘डॉट टी’ फाइलीत तीन ‘ग्रेटर दॅन’ चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळीत थेट पायथन लिहिता येते. तेथे फाइल उघडून ‘राइट’ केले, तर पायथन २ वर काहीच छापले जात नाही, पण पायथन ३ वर एक आगंतुक अंक आउटपुटमध्ये उगवतो, कारण नव्या आवृत्तीत ‘राइट’ किती लिहिले ते परत सांगते. ‘नोंद’ लिहिले आणि १२ दिसले तर फाइल बाइटांसाठी उघडलेली आहे. ४ दिसले तर ती मजकुरासाठी उघडलेली आहे आणि बहुधा तीच चूक आहे. म्हणजे तो अंक पुसण्याआधी वाचावा. पुसण्यासाठी मर्क्युरियलच्या स्वतःच्या चाचण्यांत ओळीच्या शेवटी ‘अँड नन’ जोडण्याची पद्धत आहे. लक्षात असू द्या, पायथन ३ मध्ये ‘बी’ लावलेल्या अवतरणात देवनागरी अक्षरे थेट लिहिता येत नाहीत. साधी स्ट्रिंग लिहून तिला ‘एन्कोड’ करावे लागते.

सर्वांत वाईट सापळा गप्प बसणारा आहे. बाइटांच्या साच्यात (टक्का-चिन्हाच्या फॉरमॅटमध्ये) साधी स्ट्रिंग घातली तर पायथन ३ लगेच ‘टाइपएरर’ देते, आणि ते चांगलेच आहे. पण साध्या साच्यात बाइट घातले तर काहीच होत नाही. निकालात ‘बी’ हे अक्षर आणि अवतरणचिन्हे मजकुराचाच भाग होऊन बसतात. तसेच बाइट आणि स्ट्रिंग यांची तुलना केली तर उत्तर निमूटपणे ‘असमान’ असे येते. अशा जागा पकडण्यासाठी पायथनला दोनदा ‘बी’ असा पर्याय देऊन त्याच्यामार्फत ‘एचजी’ (मर्क्युरियलची आज्ञा) हाताने चालवावे. मग या दोन्ही प्रसंगी गप्प राहण्याऐवजी थेट चूक उभी राहते.

५. हॅश बदलला तर हात थांबवा

‘रन-टेस्ट्स’ चाचणीचे वातावरण गोठवून ठेवते. वापरकर्त्याचे नाव ‘टेस्ट’, वेळ जीएमटी, आणि कमिटची तारीख डीफॉल्टने १ जानेवारी १९७०. त्यामुळे त्याच आज्ञा दिल्या की प्रत्येक कमिटचा हॅश दर वेळी, दर यंत्रावर, दर पायथनवर तोच यायला हवा. हॅश हा कमिटमध्ये लिहिलेल्या बाइटांवरून काढलेला असतो, तेव्हा तो बदलला याचा अर्थ रिपॉझिटरीत वेगळे काहीतरी लिहिले गेले. ‘पायथनने वेगळ्या शब्दांत सांगितले’ या ढिगात हॅशचा फरक कधीच टाकता येत नाही.

माझी चूक येथे झाली. आमचे एक्स्टेंशन कामाचा क्रमांक साध्या साच्यात घालून ‘एक्स्ट्रा’मध्ये ठेवत होते. पायथन ३ वर ‘टाइपएरर’ आला, मी घाईने त्यापुढे ‘एन्कोड’ जोडले आणि चूक नाहीशी झाली. चाचणीत फरक उरला तो फक्त बारा अंकी हॅशचा. आवृत्ती बदलली तर हॅश बदलणारच, अशी माझी मीच समजूत घातली आणि ‘आय’ पर्यायाने एकामागून एक होकार देत गेलो. सोळा-सतरा ठिकाणी होकार दिल्यावर शेजारच्या सहकारी बाईंनी सहज विचारले, “अहो, पण त्या हॅशमध्ये पायथनचा काय संबंध?” उत्तर देता आले नाही, म्हणून उघडून पाहिले. ‘लॉग’ला ‘डीबग’ पर्याय दिला की ‘एक्स्ट्रा’ छापले जाते. त्यात क्रमांकाच्या आधी ‘बी’ आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे होती. ते तसेच सर्व्हरवर गेले असते, तर पुढच्या प्रत्येक कमिटमध्ये तो कचरा कायमचा बसला असता, कारण झालेले कमिट हॅश न बदलता दुरुस्त करता येत नाही.

म्हणून हॅश वेगळा दिसताच पुढील क्रम पाळावा. दोन्ही पायथनांवर चाचणीच्या आज्ञा हाताने चालवून तात्पुरती रिपॉझिटरी तयार करावी. तारीख आणि वापरकर्ता स्वतः द्यावा, कारण हाताने चालवताना वातावरण गोठवणारे कोणी नसते. मग ‘डीबगडेटा’ या आज्ञेने, चेंजलॉगसाठीचा ‘सी’ पर्याय देऊन, ज्या कमिटपासून फरक सुरू झाला त्याचा कच्चा मजकूर दोन फाइलींत काढावा आणि त्या बाइट-बाइट ताडाव्यात. पहिला वेगळा हॅश शोधणे महत्त्वाचे, कारण पालकाचा हॅश अपत्याच्या हॅशमध्ये मिसळलेला असतो आणि एक बिघडला की खालचे सगळे बिघडलेले दिसतात. आमच्या सतरा फरकांमागे दुरुस्त करायची ओळ एकच होती.

६. पायथनचा स्वतःचा आवाज ओळखा

दुसऱ्या ढिगातले फरक खरोखर निरुपद्रवी असतात, फक्त ते नीट ओळखता यायला हवेत. पायथन ३ ट्रेसबॅकच्या (चूक झाल्यावर छापल्या जाणाऱ्या मागोव्याच्या) शेवटच्या ओळीत एक्सेप्शनचे नाव मॉड्यूलसह पूर्ण छापते, पायथन २ फक्त नाव छापत असे. ३.११ पासून ट्रेसबॅकमध्ये चुकीच्या जागेखाली टोपीसारख्या (कॅरट) चिन्हांची ओळ येते. ३.१० मध्ये ‘आर्गपार्स’च्या मदतीतले ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’ हे शीर्षक नुसते ‘ऑप्शन्स’ झाले. जेसन सुटसुटीत छापताना जुन्या पायथनमध्ये स्वल्पविरामानंतर ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा उरत असे, ती ३.४ पासून गेली. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि अर्धा तास खातो.

माझा कल असा की ट्रेसबॅक चाचणीत ठेवूच नये. आपल्याला एक्स्टेंशनने कोणती चूक सांगितली एवढेच तपासायचे असते, म्हणून शेवटची ओळ गाळून घ्यावी आणि तिच्या आधीच्या भागाला ‘ग्लोब’ लावावा. बाइटांचे रूप छापायचे असेल तर मर्क्युरियलच्या ‘स्ट्रिंगयूटिल’मधले ‘पीप्रिंट’ वापरावे. ते दोन्ही पायथनांवर एकसारखे छापते.

डिक्शनरीच्या क्रमाची गोष्ट थोडी वेगळी आहे. घातलेल्या क्रमाने घटक मिळण्याची हमी ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्याआधीच्या पायथन ३ मध्ये क्रम भरवशाचा नव्हता आणि सेटचा क्रम तर आजही नाही. ‘रन-टेस्ट्स’ मुद्दाम प्रत्येक वेळी नवे हॅश-बीज (कमिटच्या हॅशशी संबंध नसलेला, असा क्रम ज्यावर अवलंबून असतो तो पायथनचा अंक) निवडते आणि चाचणी पडल्यास ते छापते. कधी पास, कधी नापास अशी चाचणी दिसली तर तो अंक टिपून ‘पायथनहॅशसीड’ या चलात घालून पुन्हा चालवावे, म्हणजे बिघाड हुकमी येतो. उपाय बहुतेक वेळा ‘सॉर्टेड’ हा एकच शब्द असतो, आणि तो चाचणीत न घालता एक्स्टेंशनमध्ये घालावा.

मदतनीस स्क्रिप्ट देवनागरी छापत असेल तर आणखी एक खाच आहे. चाचण्या ‘सी’ लोकॅलमध्ये, म्हणजे भाषेच्या किमान मांडणीत, चालतात. तेथे ३.६ पर्यंतचे पायथन ३ ‘नोंद’ छापताना एन्कोडिंगची चूक देते आणि ३.७ पासूनचे बिनतक्रार छापते. बाइट थेट ‘स्टँडर्ड आउट’च्या बफरमध्ये लिहिले की हा फरक मिटतो.

७. काढून टाकलेली मॉड्यूले

पायथन ३ वर आलो म्हणजे सुटलो, असे नाही. ऑक्टोबर २०२३ मधल्या ३.१२ ने ‘डिस्टयूटिल्स’, ‘इम्प’, ‘असिंककोर’ आणि ‘एसएमटीपीडी’ ही मॉड्यूले काढली. ‘युनिटटेस्ट’मधले ‘असर्टइक्वल्स’ हे अनेकवचनी जुने नावही त्याच आवृत्तीत गेले. ‘स’ गाळून ‘असर्टइक्वल’ लिहावे. ३.१३ मध्ये ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ गेले. मर्क्युरियलच्या चाचण्यांतला नकली मेल-सर्व्हरसुद्धा ‘असिंककोर’ आणि ‘एसएमटीपीडी’वरच उभा होता. तुमच्या एक्स्टेंशनने त्याची जुनी नक्कल उचलली असेल तर ती ३.१२ वर उघडणारच नाही.

इशारे सुरू करून चाचण्या एकदा चालवल्या, की पुढच्या एक-दोन आवृत्त्यांत काय जाणार आहे ते आधीच कळते. मी वर्षातून एकदा, नवे पायथन येण्याच्या सुमारास, हे करतो.

८. पास झालेल्यांची यादी ठेवा आणि ‘स्किप’चा आकडा वाचा

मर्क्युरियलच्या प्रकल्पाने हे स्थित्यंतर करताना पायथन ३ वर पास होणाऱ्या चाचण्यांची एक फाइल सोर्समध्येच ठेवली होती. एकेक चाचणी दुरुस्त झाली की तिचे नाव यादीत जाई, आणि यादीतली चाचणी पुन्हा पडली की ते लगेच लक्षात येई. लहान एक्स्टेंशनसाठीही ही पद्धत उत्तम आहे. प्रत्येक पायथनसाठी एक साधी मजकूर-फाइल पुरते.

शेवटी आलेला सारांश वाचताना मात्र नापासांच्या शून्यावर समाधान मानू नये. चाचणीला लागणारी एखादी गोष्ट यंत्रावर नसेल, तर ती चाचणी ८० हा एक्झिट कोड देऊन स्वतःला वगळते आणि नापासांत मोजली जात नाही. नव्या पायथनसाठी एखादे पॅकेज बसवायचे राहिले, की चाचण्यांचा अख्खा गट असा शांतपणे बाजूला होतो. जुन्या आणि नव्या पायथनवर वगळलेल्यांचा आकडा शेजारी शेजारी लिहावा आणि तो जुळत नसेल, तर कोणत्या चाचण्या का वगळल्या गेल्या ते नावानिशी पाहावे. आमच्याकडे ३.१२ वर पहिल्याच फेरीत सगळे पास दिसले होते. नंतर कळले की क्रमांक तपासणारी मुख्य चाचणीच वगळली गेली होती, कारण तिच्या पहिल्या ओळीत पायथन २ असण्याची अट कोणीतरी कधीकाळी घालून ठेवली होती. ती ओळ काढली आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.